फोमची बाहुली: सांधे चिकटवण्याची रीत

माकड आणि मगरीची गोष्ट आम्ही एका शाळेत बाहुल्यांमधून सादर करत होतो. 'माझे काळीज तर झाडावरच राहिले' हे वाक्य माकडाच्या तोंडी आले आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या डोक्याचा मागचा सांधा टाळूपासून मानेपर्यंत उसवून आतली माझी बोटे दिसू लागली. पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "काळीज आतच आहे की!" खेळ हशात निभावून गेला. घरी येऊन मी तो सांधा पूर्ण उघडून पाहिला, तेव्हा तीन दिवसांपूर्वी लावलेला पांढरा फेविकॉल जाड थराच्या आत अजून दह्यासारखा ओला होता. महिना जुलैचा होता आणि गाव कोकणातले होते.

त्यानंतर बऱ्याच बाहुल्या केल्या, बऱ्याच बिघडवल्या आणि त्यातून जी रीत हाताला बसली ती येथे क्रमाने लिहीत आहे. ही रीत हात आत घालून तोंड उघडमीट करता येणाऱ्या, मऊ फोमच्या बाहुलीसाठी आहे. अमेरिकेत जिम हेन्सन यांच्या मपेट बाहुल्यांमुळे हा प्रकार जगभर माहीत झाला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असतात. त्यांचे सांधे वेगळे आणि त्यांचे शास्त्रही वेगळे, त्यामुळे त्यांना यातले काही लागू करू नये.

१. आधी फोम ओळखून घ्या

स्टेशनरीच्या दुकानात 'फोम शीट' मागितले, तर बहुतेक वेळा रंगीत, पातळ, रबरासारखे ईव्हीए शीट हातात मिळते. ते मुकुट, दात, भुवया यांसाठी चांगले असले तरी त्याचे डोके होत नाही. आपल्याला हवा तो पॉलियुरेथेन फोम, म्हणजे सोफ्याच्या गादीतला, ज्याला पुष्कळ लोक नुसते 'स्पंज' म्हणतात. तो सोफा-कुशनचे काम करणाऱ्याकडे किंवा गादीच्या दुकानात मिळतो. मुठीत आवळून सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होतो आणि कापलेल्या कडेवर बारीक छिद्रे दिसतात.

दुकानदार 'किती डेन्सिटी?' असे विचारतो. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, याचा साधारण निर्देश असतो. डोक्यासाठी ३२ डेन्सिटीचा, १२ मिमी जाडीचा फोम मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याहून हलका घेतला तर डोके हाताच्या दाबाने पिचकते, आणि ४० डेन्सिटीचा घेतला तर लहान वळणे घेताना सांध्यावर नको इतका ताण येतो. कुशनवाल्याकडे पडलेले काप अनेकदा स्वस्तात मिळतात, परंतु रंगीबेरंगी चुरा दाबून केलेला रिबॉन्डेड फोम मात्र फुकट दिला तरी घेऊ नये, कारण तो वळत नाही.

२. गोंद कोणता घ्यावा आणि कोणता घेऊ नये

हवा तो गोंद म्हणजे कृत्रिम रबराचा कॉन्टॅक्ट गोंद. चप्पल दुरुस्त करणारे त्याला 'सोल्युशन' म्हणतात. हार्डवेअर किंवा प्लायवूडच्या दुकानात 'फेविकॉल एसआर ९९८' या नावाने मिळणारा पिवळसर गोंद याच जातीचा आहे. लहान कामाला 'फेविबॉण्ड'ची नळीही चालते. परदेशातील मराठी वाचकांनी दुकानात 'कॉन्टॅक्ट सिमेंट' मागावे. अमेरिकेतले बाहुलीकार 'बार्ज' हा मुळात पादत्राणांसाठी असलेला गोंद वापरतात.

हा गोंद कसा काम करतो हे एकदा समजले की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. सायकलचे पंक्चर काढणारा काय करतो ते आठवा. तो ट्यूबवर सोल्युशन पसरवतो, ते सुकू देतो आणि मगच ठिगळ दाबतो. ओल्यावर ठिगळ ठेवले तर ते सरकते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या गोंदातही रबर द्रावकात विरघळवलेले असते. द्रावक उडून गेला की प्रत्येक कडेवर रबराची पातळ साय उरते आणि या दोन साई एकमेकींना भेटल्या की त्या एकजीव होतात. थोडक्यात, फोम फोमला चिकटत नाही, रबर रबराला चिकटते. म्हणून गोंद दोन्ही कडांना लावावा लागतो आणि तो जवळजवळ सुकेपर्यंत थांबावे लागते.

पांढरा फेविकॉल लाकडासाठी आणि कागदासाठी उत्तम आहे, पण फोमच्या ताणलेल्या सांध्याला तो तासन्‌तास दाबून धरावा लागतो आणि सुकल्यावर तो कडक होतो. फेविक्विकने फोम त्या जागी खड्यासारखा टणक होतो आणि पहिल्याच वळणावर त्या खड्याच्या बाजूने फाटतो. ग्लू गन फार मोहात पाडते, कारण काम दोन मिनिटांत होते. मात्र तिच्या गोंदाची गाठ कापडावरून हाताला लागते, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाहुली राहिली तर ती गाठ मऊ पडून सांधा सुटतो. मी ग्लू गन फक्त केस आणि टोपीसारख्या वरच्या सजावटीसाठी ठेवली आहे.

३. काम सुरू करण्यापूर्वी हाताशी असावे असे साहित्य

• १२ मिमी फोम. एका डोक्याला साधारण ६० × ६० सेंमीचा तुकडा पुरतो.
• कॉन्टॅक्ट गोंद आणि त्याच कंपनीचा थिनर.
• अर्धा इंची, ताठ केसांचे दोन स्वस्त ब्रश. हे ब्रश नंतर रंगकामाला उपयोगी पडत नाहीत.
• पाती मोडून नवी करता येणारा कटर आणि जादा पाती.
• नमुन्यासाठी पुठ्ठा, खुणांसाठी बॉलपेन. स्केच पेनची शाई गोंदाच्या द्रावकात पसरते आणि फिकट कापडातून दिसते.
• गोंद काढून घेण्यासाठी एक जुनी स्टीलची वाटी, जी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही.
• बटर पेपर, जुनी वर्तमानपत्रे, हातमोजे.

स्टीलच्या वाटीचा आग्रह उगाच नाही. लग्नकार्यात मिळणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या पेल्यात मी एकदा गोंद ओतला होता. काही मिनिटांत पेल्याचा तळ मऊ पडून खाली बसला आणि सगळा गोंद टेबलावर पसरला.

४. जागा आणि हवा

या गोंदाची वाफ डोके दुखवते, ती नशा आणणारी आहे आणि ती सहज पेट घेते. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते, म्हणून जमिनीवर बसून, दारे बंद करून काम करणे ही सर्वांत वाईट पद्धत होय. गॅलरीत किंवा समोरासमोरच्या खिडक्या उघडून, टेबलावर काम करावे. त्या खोलीत गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती आणि डासांची कॉइल यांपैकी काहीही पेटलेले नसावे. शेवटच्या दोन गोष्टी माणूस हमखास विसरतो. धुळीसाठी वापरला जाणारा कापडी किंवा कागदी मास्क वाफ अडवत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. मुलांची कार्यशाळा असेल तर चिकटवण्याचे काम मोठ्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवावे आणि मुलांच्या हाती रंग, लोकर आणि कापड द्यावे. उघडा डबा मुलांच्या आसपास कधीही असू नये.

५. कापणी नीट झाली तरच सांधा बसतो

समजा, तुम्हाला १८ सेंमी व्यासाचे गोल डोके करायचे आहे आणि ते सोललेल्या संत्र्यासारख्या सहा पाकळ्यांचे असणार आहे. १८ सेंमी व्यासाचा परीघ सुमारे ५६.५ सेंमी होतो. त्याला सहाने भागले की प्रत्येक पाकळीची मधली रुंदी ९.४ सेंमी येते, आणि पाकळीची लांबी परिघाच्या निम्मी, म्हणजे सुमारे २८.३ सेंमी. पाकळी पुठ्ठ्यावर काढून मधोमध दुमडून पाहावी. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या नाहीत तर तो फरक पुढे सहा पटींनी वाढतो. पुठ्ठ्यावरून फोमवर आखताना प्रत्येक कडेवर मध्यभागी एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा तीन आडव्या खुणा कराव्यात. पाकळ्यांना १ ते ६ असे क्रमांक द्यावेत आणि वरचे टोक बाणाने दाखवावे. चिकटवायला लागल्यावर सगळ्या पाकळ्या सारख्याच दिसतात.

कात्रीने फोम कापू नये. कात्री आधी फोम दाबते आणि मग कापते, त्यामुळे कड आत वळलेली, वाटीसारखी होते आणि अशा दोन कडा समोरासमोर आल्या की मध्ये पोकळी राहते. कटरची पाती लांब बाहेर काढून, उभी धरून, फोम न दाबता दोन-तीन लांब ओढींमध्ये कापावे. पाती चिकटू लागली, कडेवर भुसा दिसू लागला, की पुढचे टोक मोडून टाकावे. एका डोक्याला मी अशी चार-पाच टोके सहज मोडतो आणि यात काटकसर करत नाही.

पाकळ्यांऐवजी एकाच तुकड्यातून डोके काढायचे असेल, तर ब्लाउजला घालतात तसे टक्स घालावे लागतात, म्हणजे कडेपासून आत जाणाऱ्या त्रिकोणी पाचरी कापून त्यांच्या कडा जोडाव्या लागतात. यात सांध्यांची लांबी कमी होते. पहिल्याच बाहुलीसाठी मी हीच पद्धत सुचवीन, कारण सहा पाकळ्यांच्या डोक्यात जवळपास १७० सेंमी सांधा असतो आणि गोंद दोन्ही कडांना लावायचा असल्याने साडेतीन मीटरच्या आसपास कडेवरून ब्रश फिरवावा लागतो.

६. गोंद लावणे आणि थांबणे

फोमची कापलेली कड गोंद पिते. म्हणून पहिला हात हा केवळ छिद्रे भरण्यासाठी असतो. ब्रश वाटीच्या काठाला निपटून घ्यावा, कडेवर पातळ थर फिरवावा आणि सगळे तुकडे, कडा एकमेकांना लागणार नाहीत अशा बेताने, वर्तमानपत्रावर पसरून ठेवावेत. दहा-पंधरा मिनिटांनी कड हाताला खरखरीत लागते. मग दुसरा, तितकाच पातळ हात द्यावा. थेंब ओघळत असेल तर थर जाड आहे. तो ब्रशच्या टोकाने लगेच काढून टाकावा, कारण जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो.

आता थांबायचे असते, आणि नवशिक्याचे काम जवळजवळ नेहमी येथेच बिघडते. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. बोटाच्या मागच्या पेराने कडेला हलका स्पर्श करावा. गोंद पेराला लागला किंवा बोट उचलताना त्याचे तार सुटले, तर अजून वेळ आहे. कड किंचित चिकट भासते पण पेर कोरडे राहते, तेव्हा ती तयार झाली. एप्रिलच्या कोरड्या दुपारी मला यासाठी सात-आठ मिनिटे पुरतात. पावसाळ्यात वीस मिनिटेही लागली आहेत. उलट बाजूने, जेवायला जाऊन दोन तासांनी परत आलात तर साय इतकी सुकलेली असते की ती धरत नाही. अशा वेळी आणखी एक पातळ हात देऊन पुन्हा थांबावे.

पावसाळ्यातली आणखी एक अडचण स्वतंत्रपणे सांगायला हवी. द्रावक उडताना कड गार पडते आणि दमट हवेतील ओलावा तिच्यावर धरतो. गोंद पारदर्शक पिवळा न दिसता दुधाळ, धुरकट दिसू लागला की तसे झाले आहे असे समजावे. हा सांधा दाबल्यावर चिकटल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी साल निघावी तसा निघतो. तो पूर्ण सुकू द्यावा, शक्य तर दुपारच्या उघडिपीची वाट पाहावी आणि नवा हात द्यावा. दुरून पंखा लावण्यास हरकत नाही, परंतु ओल्या गोंदावर हेअर ड्रायर मुळीच धरू नये, कारण त्याच्या तापलेल्या तारेने वाफ पेटू शकते.

७. सांधा मिटवणे

दोन तयार कडा एकमेकींना टेकल्या की त्या पुन्हा सरकवता येत नाहीत. म्हणून एका टोकापासून सुरुवात करून 'शेवटी जुळेल' अशा आशेने पुढे जाऊ नये. शेवटी हमखास एक सेंमी उरते आणि ते एक सेंमी बाहुलीच्या गालावर टेंगळासारखे बसते. पाकळ्यांच्या बाबतीत आधी दोन्ही टोके जुळवावीत, मग मधली खूण मधल्या खुणेला, मग उरलेल्या दोन खुणा, आणि त्यानंतरच मधले भाग मिटवावेत. एक कड किंचित लांब असेल तर फोम तो फरक या खुणांमध्ये वाटून घेतो. टक्सच्या बाबतीत मात्र त्रिकोणाच्या आतल्या टोकापासून बाहेरच्या कडेकडे यावे, नाहीतर टोकाशी भोक राहते.

दोन कडा टेकवताना बोटे सांध्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून कडांची उभी तोंडे समोरासमोर आणावीत. वरचा पृष्ठभाग चिमटीत धरून ओढला तर कडा आत वळतात आणि सांध्याच्या जागी नाली पडते. सगळा सांधा मिटला की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो सेंमी-सेंमीने जोरात दाबत जावे. या गोंदाला दाब किती वेळ दिला यापेक्षा किती जोराने दिला याला महत्त्व असते, म्हणून शिकंजा, रबरबँड किंवा वजन लावून ठेवण्याची गरज नसते.

जोडण्याचा क्रम असा ठेवावा: १, २ आणि ३ या पाकळ्यांचे एक अर्धे डोके, ४, ५ आणि ६ यांचे दुसरे, आणि शेवटी ही दोन अर्धी एकमेकांना. शेवटच्या सांध्यात मानेच्या बाजूला हात जाईल इतकी जागा उघडी ठेवावी. मी एकदा संपूर्ण बंद गोळा करून बसलो होतो. तोंडाची चीर डोके पूर्ण झाल्यावर, गोंद मुरल्यावर कापावी. सांधा लगेच घट्ट वाटत असला तरी त्याची ताकद वाढत असते, म्हणून पुढचे काप आणि कापड चढवणे २४ तासांनंतरच करावे.

बाहुलीवर कापड चढणार नसेल आणि फोमच दिसणार असेल, तर गोंद बाहेरच्या कडेपासून दीड-दोन मिमी आत ठेवावा, म्हणजे पिवळी रेघ दिसत नाही. कापड चढणार असेल तर काठापर्यंत लावावा. वर आलेला फोमचा उंचवटा या टप्प्यावर मात्र कात्रीने अलगद भादरता येतो.

८. चुकलेला सांधा

पहिल्या मिनिटात चूक दिसली तर कडा सावकाश, ताण न देता सोडवता येतात. त्यानंतर ओढू नये, कारण सांधा सुटण्याआधी शेजारचा फोम फाटतो. ब्रशने थोडा थिनर सांध्यावर सोडावा, मिनिटभर थांबावे आणि गोंद नरम पडत जाईल तसे उलगडत न्यावे. तेही जमले नाही तर कटरने नेमका गोंदाच्या रेषेवरून सांधा कापावा आणि नव्या कडांना नव्याने गोंद लावावा. यात दोन-तीन मिमी फोम जातो आणि डोके तेवढे लहान होते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

९. जबडा, डोळे आणि कापड

सर्वांत जास्त ओढाताण जबड्याच्या सांध्याला सोसावी लागते. आतला जबडा पुठ्ठ्याचे दोन अर्धगोल आणि मध्ये कापडी बिजागरी असा करत असाल, तर पुठ्ठ्यालाही दोन हात द्यावेत आणि फोमची कड पुठ्ठ्यावर किमान १ सेंमी चढेल अशी व्यवस्था करावी. येथे बटर पेपर उपयोगी पडतो: दोन्ही बाजू तयार झाल्यावर मध्ये बटर पेपर ठेवून फोम जागेवर बसवावा, समोरून पाहून तोंड वाकडे नाही याची खात्री करावी आणि मग एका बाजूने कागद थोडा थोडा ओढत फोम दाबत जावे.

डोळ्यांसाठी थर्मोकोलचे गोळे वापरणार असाल तर त्यांना हा गोंद लागता कामा नये. मी एका घुबडाला असे डोळे लावले होते. पाहता पाहता ते मागच्या बाजूने विरघळत खोबणीत खचले आणि घुबडाची नजर आतल्या आत गेली. थर्मोकोलला पांढरा फेविकॉलच लावावा आणि रात्रभर सुकू द्यावा.

फ्लीससारखे कापड चढवताना संपूर्ण डोक्याला गोंद फासू नये. गोंद पातळ कापडातून वर उमटतो आणि चेहऱ्याचा मऊपणा जातो. कापड ताणून बसवावे, शिवणीने जोडावे आणि गोंद फक्त तोंडाच्या व मानेच्या कडांना, आतल्या बाजूने लावावा. कापड आवश्यक आहे याचे आणखी एक कारण असे की, पॉलियुरेथेन फोम उजेडाने पिवळा पडतो आणि काही वर्षांनी त्याचा भुगा होऊ लागतो. फोमच गेला की चांगला सांधाही काही धरून ठेवू शकत नाही.

१०. उरलेला गोंद

वाटीतला गोंद पुन्हा डब्यात ओतू नये, कारण त्यातला बराच द्रावक उडालेला असतो आणि तो डब्यातला गोंदही घट्ट करतो. तो वाटीतच उघड्या हवेत सुकू द्यावा. दुसऱ्या दिवशी रबराची चकती होऊन सबंध निघतो. मोरीत ओतू नये. ब्रश थिनरमध्ये धुऊन त्याच कामासाठी ठेवावेत. डब्याच्या काठावर आणि झाकणाच्या खोबणीत आलेला गोंद चिंधीने पुसूनच झाकण लावावे, नाहीतर ते पुढच्या वेळी पेचकसाने उचकटावे लागते. डब्यातला गोंद घट्ट झाला तर त्याचाच थिनर थोडा थोडा घालून ढवळावा, रॉकेल घालू नये. झाकण लावलेला डबा उन्हापासून आणि गॅसपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फडताळावर ठेवावा आणि त्यावर उघडल्याची तारीख लिहावी.